पुंटोचा डावा दिवा

गाडी फियाट ग्रँड पुंटो, १.३ मल्टिजेट डिझेल, २०१२ ची, एमएच-११ पासिंग. मालक साताऱ्यातले एक निवृत्त गणित शिक्षक. इथे त्यांना सर म्हणू, सगळा सातारा तेच म्हणतो. जुलै २०२४ मध्ये पुण्याहून परतताना शिरवळच्या अलीकडे पावसात पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. सरांनी गाडी उजवीकडे काढली, पण डावा कोपरा टेम्पोच्या फाळक्याला लागलाच. डावा हेडलाइट, बंपर, डावा मडगार्ड, बोनटचा कोपरा, रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर एवढं गेलं. चेसिस सरळ, इंजिन शाबूत, एअरबॅग उघडल्या नाहीत. उघडल्या असत्या तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती, गाडी थेट भंगारात गेली असती.

चालू मॉडेलची गाडी असती तर हे आठवडा-दहा दिवसांचं काम. पुंटो मात्र दिवाळी झाल्यावर रस्त्यावर आली. मी वाहन विम्याची कामं बघतो, सरांची पॉलिसी माझ्याकडेच आहे, त्यामुळे पहिल्या फोनपासून शेवटच्या बिलापर्यंत सगळं माझ्यासमोर झालं. बंद झालेल्या मॉडेलचे मालक ज्याला घाबरतात आणि प्रत्यक्षात गाडी जिथे अडते, त्या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत.

आधी गाडीचं घराणं. ग्रँड पुंटो भारतात जून २००९ मध्ये आली, पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून. हा कारखाना फियाट आणि टाटा यांचा भागीदारीतला. त्या काळात फियाटच्या गाड्या टाटाच्या शोरूममध्ये विकल्या जायच्या आणि सर्व्हिसलाही तिथेच जायच्या. २०१२ मध्ये विक्री वेगळी करायचं ठरलं आणि फियाटने स्वतःचं जाळं उभारलं. २०१४ मध्ये पुंटो ईव्हो आली, तिचा समोरचा चेहरा बदललेला होता. पुढे रांजणगावात जीप कंपास बनायला लागली. एप्रिल २०२० चे बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू व्हायच्या आधीच पुंटो, लिनिया ही सगळी भावंडं बंद झाली. २०२१ मध्ये मूळ कंपनीच विलीनीकरणातून स्टेलँटिस झाली. रस्त्यावर उरलेल्या फियाट जीपच्या सर्व्हिस केंद्रांकडे आल्या. म्हणजे सरांच्या गाडीने बारा वर्षांत तीन दारं बदलली, आणि दर वेळी जुन्या दाराआडचा सुट्या भागांचा साठा नि गाडीची नस ओळखणारी माणसं थोडी थोडी मागे राहत गेली.

७५ टक्क्यांची रेघ

गाडी आधी पुण्यातल्या एका अधिकृत केंद्रात नेली. एस्टिमेट आलं १ लाख ४५ हजारांचं, तेही हेडलाइटपुढे 'उपलब्धता निश्चित नाही' असा शेरा मारून. पॉलिसीवर गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यापुरती मान्य केलेली किंमत, होती १ लाख ६० हजार. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरली जाते. इथे ती रेघ १ लाख २० हजारांवर होती. नुकसान तपासायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने सरळ सांगितलं, "सर, पैसे घ्या आणि गाडी सोडा."

सरांनी नकार दिला. भावनेपोटी दिला असं लोकांना वाटलं, पण त्यांचा हिशेब साधा होता. हातात येणाऱ्या पैशांत पुंटोसारखी दणकट बांधणी आणि महामार्गावर तशी पकड असलेली जुनी गाडी मिळत नाही. त्या किमतीत मिळतात त्या गाड्या कोणी का विकल्या हेच कळत नाही.

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही ठरलेल्या घसाऱ्याच्या तक्त्याने निघते. पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलसाठी मात्र ती विमा कंपनी आणि ग्राहक यांनी आपसांत ठरवायची असते. मोटार विम्याच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे, पण नूतनीकरणाच्या वेळी कोणी सांगत नाही. संगणक एक कमी आकडा दाखवतो, हप्ता थोडा कमी दिसतो, माणूस खूश होऊन बटण दाबतो. सरांच्या वेळी संगणकाने १ लाख २० हजार दाखवले होते. आम्ही भांडून १ लाख ६० हजार लावून घेतले होते. हप्त्यात फरक पडला तो किरकोळ. आमच्या भागातल्या एका जुन्या गॅरेजने नंतर दिलेलं सुधारित एस्टिमेट ९६ हजारांचं होतं. आयडीव्ही १ लाख २० हजार असती तर रेघ ९० हजारांवर आली असती आणि गाडी दुरुस्तीऐवजी भंगाराच्या फायलीत गेली असती. बंद मॉडेलचे सुटे भाग दरवर्षी महागतात नि आयडीव्ही दरवर्षी उतरते. हे दोन आकडे एकमेकांना छेदतात त्या दिवशी एखादा किरकोळ अपघातही गाडी संपवतो.

इंजिनाची नसलेली चिंता

गाडी गॅरेजला उघडलीच होती, म्हणून घसरणारा क्लच आणि थंड असताना वाजणारी टायमिंग चेनही बघून घ्यायचं ठरलं. यावर सरांच्या घरी खरी काळजी होती. "कंपनीच गेली, आता इंजिन कोण करणार?" काकूंचा प्रश्न.

गॅरेजच्या वस्तादांनी, म्हणजे मुख्य मेकॅनिकनी, हसून उत्तर दिलं, "काकू, हे स्विफ्टचंच पोट आहे."

ते अगदी खरं आहे. १२४८ सीसीचं हे इंजिन मारुतीने २००७ पासून स्विफ्टमध्ये, पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा अशा गाड्यांत घातलं. टाटाच्या इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्टमध्ये तेच क्वाड्राजेट नावाने होतं. शेव्हरोलेच्या सेल आणि एंजॉयमध्येही तेच. यातली बहुतेक नावं आज बंद आहेत आणि मारुतीने तर डिझेलच सोडलं, तरी रस्त्यावर ही इंजिनं लाखोंनी आहेत. जिल्ह्यातला प्रत्येक डिझेल फिटर हे इंजिन डोळे झाकून उघडतो. चेन किट, रिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह हा आतला माल साताऱ्यातच काउंटरवर मिळाला. बाहेर लागणाऱ्या वस्तूंत, म्हणजे माउंटिंग, होज, ब्रॅकेटमध्ये, फरक आहे. तिथे स्विफ्टचं सामान चालत नाही, लिनियाचं बहुधा चालतं, कारण लिनिया पुंटोच्याच पायावर उभी आहे. क्लचला कंपनीबाहेरच्या नावाजलेल्या ब्रँडचा सेट मिळाला. ब्रेक पॅड, फिल्टर, बॅटरी यांचं तर बोलायलाच नको.

इंजिनाचं प्रकरण इथे संपलं. अपघाताशी संबंध नसल्याने तो खर्च दाव्यात नव्हता, पण त्यात अडचण अशी काहीच आली नाही.

दिवा

रेडिएटर आणि कंडेन्सर बाहेरच्या कंपनीचे मिळाले. मडगार्ड आणि बोनट डेंटरने ठोकून, पुट्टी लावून सरळ केलं; जुन्या डेंटरांचं हे काम बघण्यासारखं असतं. बंपर अधिकृत काउंटरवरून तीनेक आठवड्यांत आला. तोही आधी 'नाही' म्हणूनच सांगितला होता. गंमत पार्ट नंबरची होती. कंपन्या एखाद्या भागाचा नंबर बदलतात, जुना नंबर टाकला की शून्य साठा दिसतो, नवा टाकला की माल असतो. गाडीच्या चेसिस नंबरवरून फियाटच्या 'ईपर' कॅटलॉगमध्ये नंबर शोधायचा आणि त्याच्या जागी पुढे कोणता नंबर आला तेही बघायचं. काउंटरवरचा मुलगा कामात असतो, तो हे करेलच असं नाही. आपणच कागदावर दोन्ही नंबर लिहून नेले तर 'नाही'चं 'बघतो' होतं.

हेडलाइटचं मात्र घोडं अडलं. कारण सोपं आहे. इंजिन दहा गाड्यांना सामायिक असतं, दिवा एकाच चेहऱ्याचा असतो. २००९ ते २०१४ च्या ग्रँड पुंटोचा दिवा ईव्होला बसत नाही, ईव्होचा हिला बसत नाही. लिनियाचा प्रश्नच नाही. दिव्यासारख्या वस्तू गाडीची कंपनी स्वतः बनवत नाही, पुरवठादार कंपनीच्या डायवर, म्हणजे साच्यावर, बनवून देतो. मॉडेल बंद झालं की डाय मशीनवरून उतरते आणि शंभर-दोनशे दिव्यांसाठी ती पुन्हा चढवणं कुणालाच परवडत नाही. दरवाजे, काचा, छत ईव्हो आणि पुंटोवरूनच काढलेल्या अव्हेंच्युराला तेच असल्याने मिळतात. नाक-डोळे मिळत नाहीत.

सरांच्या पुतण्याने जर्मनीतून दिवा मागवू म्हटलं. ग्रँड पुंटो युरोपात २००५ पासून विकली गेली, तिथे या गाडीचं सामान पुष्कळ आहे. वस्तादांनी ताबडतोब अडवलं, आणि बरोबर अडवलं. जर्मनीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. तिथल्या दिव्याचा लो-बीम उजवीकडे जास्त उचललेला असतो, म्हणजे आपल्याकडे तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाईल. युरोपातून दिवा आणायचाच तर डाव्या बाजूने चालणाऱ्या ब्रिटन किंवा आयर्लंडमधल्या गाडीचा आणावा लागतो. चौकशी केली, तर कुरिअर आणि कस्टम धरून किंमत आयडीव्हीच्या पाव हिश्शाजवळ गेली. सरांनी फोन ठेवला. शॉकअप आणि स्प्रिंगच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवावं: भारतातल्या पुंटोची उंची आपल्या रस्त्यांसाठी वाढवलेली होती, तिकडचं सामान जसंच्या तसं बसेल असं गृहीत धरू नये.

मग भंगार. पुण्यात नाना पेठेत चौकशी झाली, तिथून पत्ता मिळाला मुंबईत कुर्ल्याचा. कुर्ल्यात एका दुकानदाराकडे डावा दिवा होता, काच उत्तम, पण गाडीला अडकवायचे दोन्ही कान तुटलेले. सरांच्या दिव्याची काच फुटलेली, पण एक कान नि आतला रिफ्लेक्टर ठीक. साताऱ्यात दिव्यांचंच काम करणारा एक कारागीर आहे. त्याने दोन्ही दिवे भट्टीत हलके तापवून सील सोडवलं, काच इकडची, धड तिकडचं असं जुळवलं, दुसरा कान प्लास्टिक वेल्डिंगने उभा केला, नवं सील भरलं. पहिल्या पावसात आत वाफ धरली. त्याने पुन्हा उघडून सील बदललं. त्यानंतर धरली नाही.

कुर्ल्यातल्या मालाला जीएसटीचं बिल नव्हतं, त्यामुळे तो खर्च दाव्यात गेला नाही. हे आधीच माहीत असलेलं बरं. सर्व्हेअर बिलावर चालतो, भंगारातली कच्ची पावती तो धरत नाही. तरीही पावती मागून घ्यावी, आणि त्यावर माल कुठल्या गाडीतून काढला ते लिहून घ्यावं. चोरीच्या गाडीचे भागही याच वाटेने फिरतात, आणि पुढे भानगड झाली तर आपण पैसे देऊन घेतला एवढं तरी दाखवता येतं.

गाडीचं डोकं

दिवा बसला आणि गाडी सुरूच होईना. इतके आठवडे यार्डात उभी राहून बॅटरी उतरली होती. कुणीतरी घाईत दुसऱ्या बॅटरीच्या वायरी उलट्या लावल्या. कुणी, याचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. गॅरेजमध्ये अशा वेळी सगळेच जेवायला गेलेले असतात. डॅशबोर्डखाली फ्यूजबॉक्सला लागून असलेला बॉडी कॉम्प्युटर, म्हणजे गाडीची वीज आणि चावीची ओळख सांभाळणारं कार्ड, जळला. हा अपघाताचा भाग नाही, म्हणून विमा नाही. गॅरेजमालकाने मजुरीत सूट दिली, प्रश्न तिथे मिटला.

बंद मॉडेलच्या मालकाने खरं घाबरावं ते इथे. नवा बॉडी कॉम्प्युटर मिळत नव्हता. भंगारातून दुसऱ्या पुंटोचा आणून लावला. इंजिनला सेल्फ लागतो, गरगर फिरतं, पण पेटत नाही. मीटरमध्ये इमोबिलायझरचा, म्हणजे परक्या चावीला इंजिन पेटू न देणाऱ्या कुलपाचा, दिवा चालू, आणि किलोमीटरचे आकडे लुकलुकतात. याचा अर्थ एवढाच की चावी, बॉडी कॉम्प्युटर आणि इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, एकमेकांना ओळखत नाहीत. यांत्रिक गाडीत दुसऱ्याचा भाग बसला की बसला. इथे बसतो, पण परका राहतो.

दोन वाटा होत्या. एकाच अपघातग्रस्त गाडीतून ईसीयू, बॉडी कॉम्प्युटर आणि चावी असा सगळा जोड उचलायचा. किंवा जळलेल्या कार्डावरची मेमरी चिप वाचून तिच्यातला डेटा भंगारातल्या कार्डावर चढवायचा. पुण्यात ईसीयू दुरुस्त करणाऱ्या एकाने दुसरी वाट घेतली, कारण सुदैवाने चिप शाबूत होती. शेवटी फियाटसाठीच्या 'मल्टीईसीयूस्कॅन' सॉफ्टवेअरने प्रॉक्सी अलाइनमेंट करून घेतली, म्हणजे गाडीतल्या सगळ्या कॉम्प्युटरांची ओळखयादी पुन्हा एकसारखी केली. आकड्यांचं लुकलुकणं थांबलं, गाडी पहिल्या सेल्फला पेटली. हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं. पुंटो-लिनियावाल्यांच्या टोळक्यात एकाकडे ते असणं हे दोन सुटे बंपर असण्यापेक्षा मोलाचं आहे, असं माझं मत झालंय.

नवी गाडी घेताना मिळालेलं, चावीचा कोड असलेलं कोड कार्ड सरांनी आरसीच्या फायलीत जपून ठेवलं होतं. दुसरी चावी बनवून घेताना ते उपयोगी पडलं. ज्यांच्याकडे एकच चावी उरली आहे आणि कार्ड हरवलंय, त्यांनी गाडी धडधाकट चालू असतानाच दुसरी चावी करून घ्यावी. नंतर ते काम अनेक पटींनी अवघड होतं.

कायद्याच्या वाटेचं काय

काकूंनी दुसरा प्रश्न विचारला होता, तोही रास्त होता. "कंपनीवर केस होत नाही का?"

२०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. त्यांत फियाटही होती. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की कंपन्या अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात, स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नाहीत, पुरवठादारांनाही थेट विकू देत नाहीत. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली आणि त्याचं पोर्टल आलं. वाहन हे त्यातलं एक क्षेत्र. चालू मॉडेलच्या मालकाला यातून काही मिळेलही. सरांच्या दिव्याचा प्रश्न मात्र अडवणुकीचा नव्हताच. दिवा कुणी दाबून ठेवला नव्हता, तो अस्तित्वातच नव्हता. ग्राहक आयोगाकडे जाऊन निकाल मिळेल, पैसे मिळतील, पण डाय मशीनवर चढणार नाही. बॉडी कॉम्प्युटरच्या बाबतीत वेगळं आहे. तिथे माहिती आणि प्रोग्रॅमिंग कुलूपबंद असणं हाच खरा अडसर आहे, आणि राइट टू रिपेअरचा जोर तिथे लागायला हवा. कुणाला अधिकृत काउंटरने लेखी उत्तरच दिलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. निदान 'भाग उपलब्ध नाही' असं लेखी तरी मिळतं, आणि ते विम्याच्या दाव्यात कामाला येतं. आमच्या सर्व्हेअरने बाहेरच्या गॅरेजचं एस्टिमेट मान्य केलं ते याच कागदावर.

हिशेब

दहा वर्षांवरच्या गाडीला धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा, प्लास्टिक-रबरावरही ५० टक्के, रंगाच्या सामानावर ५० टक्के. मजुरीला घसारा नाही. वर १,००० रुपये सक्तीची कपात. ९६ हजारांच्या एस्टिमेटवर विम्याचे ५५ हजारांच्या आसपास आले. क्लच, चेन, दिवा, बॉडी कॉम्प्युटर हे सरांच्या खिशातून. दाव्यातला त्यांचा वाटा धरला तर एकूण भार विम्याच्या रकमेपेक्षा जास्तच झाला. म्हणजे पैशांच्या भाषेत सर्व्हेअरचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, हेही लिहून ठेवतो.

आता गाडी रोजच्या वापरात आहे. स्टेअरिंग रॅकला तेल झिरपायला लागलंय. पुंटोचं पॉवर स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, त्यामुळे रॅक उघडून सील बदलता येतं, कोल्हापुरात हे काम होतं, एवढी चौकशी वस्तादांनी करून ठेवली आहे. २०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होतील. मग पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी, ग्रीन टॅक्स आणि फिटनेस. त्या तपासणीत दोन्ही दिवे बघतात. सरांनी कुर्ल्याच्या त्याच दुकानदाराकडून उजवा दिवाही आणून माळ्यावर ठेवला आहे. यंदाच्या नूतनीकरणाला संगणकाने १ लाख ५ हजारांची आयडीव्ही दाखवली होती. आम्ही १ लाख ५० हजारांवर सही केली.